चुलीपर्यंतची हद्द

जमादारांच्या हाताखाली मी सव्वादोन वर्षं मुन्शी होतो, आणि त्या सव्वादोन वर्षांत आमचं गाव नेमकं कुठून सुरू होतं हे मला एकदाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. सोमवारी ते वेशीपासून सुरू व्हायचं, बुधवारी ओढ्याच्या पलीकडून, आणि थंडीच्या दिवसांत एकदा तर पार पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत गेलं होतं. माणूस रोज त्याच गावात उठतो, तिथेच जेवतो, आणि तरी गाव कुठे आहे हे त्याला सकाळी विचारून घ्यावं लागतं, अशी नोकरी दुसऱ्या कुणी केली असेल असं वाटत नाही.

वडवणीहून तेलगावकडे जाणाऱ्या सडकेवर आमची पोलीस चौकी होती. राज्य निजाम सरकारचं. कागद उर्दूत, शिव्या मराठीत. चौकीत आम्ही चौघं: जमादार, दोन जवान आणि लिहायला मी. जमादार जवळच्याच एका खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. उर्दू ते स्वतःच्या जिद्दीवर शिकलेले, म्हणून तिच्याशी जरा भीतभीत वागायचे. वरून आलेला हुकूम वाचायचा झाला की आधी पायातले बूट काढत, हात धूत, मग कागद मांडीवर घेऊन एकेका अक्षरावर बोट ठेवत पुढे सरकत. ओळ संपली की माझ्याकडे बघून विचारत, "समजलं का, मुन्शी?" मी मान हलवत असे. तेव्हा ते म्हणत, "मला न्हाई समजलं. पुन्यांदा वाचू."

त्यांचा एक शब्द गावभर झाला होता. कुणीही कसलीही तक्रार घेऊन आलं की ऐकून घेत आणि म्हणत, "दुःख खरं हाय. पर कलमात बसतंय का?" बायको बोलत नाही म्हणून एकजण आला होता, त्यालाही हेच विचारलं, आणि वर मला पुस्तकात शोधायला लावलं. थट्टा करत असावेत असं मला आधी वाटलं. अर्धा दिवस पुस्तक चाळल्यावर तसं वाटणं बंद झालं.

तर एके दिवशी मोटारींबद्दलची गश्ती आली. गश्ती म्हणजे वरून सगळीकडे फिरणारं सरकारी परिपत्रक. तेव्हा आमच्या सडकेवर आठवड्याला चार-पाच मोटारी जात. एक साहेब लोकांची, एक-दोन वतनदारांची, बाकी भाड्याच्या. त्या भरधाव जात आणि कोंबड्या, बकरी, एखादं वासरू चिरडून जात. गश्तीत म्हटलं होतं की आबादीतून, म्हणजे वस्तीतून, मोटार ताशी दहा मैलांच्या वर नेली तर पोलिसाने दंड करावा. मात्र दोन अटी होत्या. आबादी जिथे सुरू होते तिथे, मोटार हाकणाऱ्याला दिसेल अशी पाटी असली पाहिजे. पाटी नसेल तर गुन्हा नाही. आणि वेग जास्त होता याची पोलिसाने स्वतः खात्री करून घेतलेली असली पाहिजे. नुसता अंदाज चालणार नाही.

दुसऱ्या कुठल्याही चौकीत हा कागद खिळ्याला लटकला असता. जमादारांची झोप गेली.

"मुन्शी, चोरीत मुद्देमाल असतो," ते दुसऱ्या दिवशी म्हणाले. "मारामारीत काठी असती. ह्यात धरायचं काय? मोटार म्होरं गेली, धूळ मागं ऱ्हायली. वेग कुठंय?"

मी म्हणालो, "वेग मोटारीतच असणार."

"थांबवली की मोटारीत ऱ्हातोय का?"

मी गश्ती पुन्हा वाचायला घेतली. वेग कुठे राहतो हे तिच्यात नव्हतं.

खात्रीचा प्रश्न त्यांनी कसा सोडवला ते सांगायला हवं, कारण तेवढंच एक काम मी निर्धास्तपणे पाहिलं. चौकीत घड्याळ नव्हतं. जमादार जोशीबुवांकडे गेले आणि लग्नाच्या मुहूर्ताला वापरतात ते घटिकापात्र नीट पाहून आले. पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची, ती हळूहळू भरते, बुडते, तेवढ्यात एक घटका होते. जमादारांनी सडकेवर दोन खुणा केल्या, मधलं अंतर साखळीने मोजलं आणि ताशी दहा मैलांच्या चालीने तेवढं अंतर जायला जितका वेळ लागेल तितक्याच वेळात बुडेल अशी वाटी बीडच्या तांबटाकडून करून घ्यायला निघाले. तीन वाट्या फुकट गेल्या. भोक एकदा मोठं झालं की झालं. चौथी वाटी जमली. मोटार पहिल्या खुणेवर आली की तिथल्या जवानाने लाल फडकं हलवायचं, ते पाहून दुसऱ्या खुणेवर बसलेल्या जमादारांनी वाटी पाण्यात सोडायची. वाटी बुडायच्या आत मोटार आली तर गुन्हा, बुडाल्यावर आली तर सलाम.

लोक लग्नाला जमावेत तसे सडकेच्या कडेला जमायचे. पहिली मोटार आली तेव्हा वाटी निम्मीसुद्धा भरली नव्हती, गुन्हा डोळ्यांनी दिसत होता, पण तेवढ्यात कुणाची तरी म्हैस आली आणि घंगाळात तोंड घालून पाणी प्यायला लागली. जमादारांनी वर केलेला हात खाली घेतला.

"पाणी हाललं," ते म्हणाले. "सुटला."

"अहो, पण धूळ बघा किती उडालीय," मी म्हणालो.

"धूळ दिसली मला बी. पर खात्री मोडली."

पुढच्या मोटारीला मात्र त्यांनी धरलं, आणि मुद्देमाल हवाच म्हणून मागे उडालेली धूळ चिमूटभर कागदात बांधून तिच्यावर मोहर मारली. तालुक्याच्या कोर्टात मुन्सिफसाहेबांच्या पुढ्यात ती पुडी ठेवली गेली. साहेबांनी ती उघडली, बराच वेळ पाहिली, परत बांधली, आणि दंड कायम केला. त्यानंतर मोटारवाले आमच्या गावाला बिचकायला लागले. पाटी दिसली की मोटार बैलगाडीच्या मागे बैलगाडीसारखी चालायची.

आता पाटी, जी या सगळ्याच्या आधी लागली. इथून पुढे माझं डोकं चालत नाही, म्हणून जसं घडलं तसं सांगतो.

पाटी आबादी सुरू होते तिथे हवी, आणि आबादी कुठे सुरू होते हे गश्तीत लिहिलं नव्हतं. जमादारांनी जिल्ह्याला पत्र लिहून विचारलं. चार महिन्यांनी उत्तर आलं की आबादी म्हणजे जिथे लोक राहतात ती. जमादारांनी बूट काढून ते उत्तर तीनदा वाचलं. मला वाटलं, आता पाटी वेशीत रोवतील आणि सुटतील. ते म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. पर ऱ्हानं म्हंजी काय?"

मग त्यांनी मला प्लेगाची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी गावात प्लेग आला आणि सगळं गाव घरंदारं सोडून माळावर खोपटी करून राहिलं. "भिंती गावात, चुली माळावर," ते म्हणाले. "वसुलीचा गिरदावर आला तर माळावर आला. पोस्टमन माळावर. देवाची पालखी सुदिक माळावर. गावात कुत्रं नव्हतं. तवा गाव कुठं व्हतं, सांगा बरं? चूल पेटती तिथं मानूस ऱ्हातो. सगळ्यात कडंची चूल, तितवर आबादी."

हे मला इतकं पटलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. आणि तितकंच वेडेपणाचंही वाटलं. दोन्ही एकदम वाटायची ती माझी पहिलीच वेळ, पुढे सवय झाली.

त्या दिवसापासून रोज सकाळी दिवस उगवला की जमादार पाटी खांद्यावर घ्यायचे. बाभळीचा खांब, त्यावर पांढरी फळी, फळीवर उर्दूत आणि मराठीत आबादी आणि दहा मैल. मी रोजनामचा काखेत घेऊन मागे. सडकेने चालत चालत जिथे शेवटचा धूर दिसेल तिथे पाटी रोवायची आणि मी वहीत लिहायचं की आज आबादी अमुक ठिकाणपर्यंत. गावाच्या तेलगावकडच्या अंगाला, वेशीला लागून, शेवटचं घर कोष्ट्याचं होतं, त्याची चूल पक्की. पण त्याच्या पुढे सडकेला लागून शेतं होती, आणि सुगी संपली की धनगर यायचे. शेतकरी त्यांना आपल्या रानात मेंढ्या बसवायला बोलवत, लेंड्यांचं खत व्हायचं. आज या शेतात, चार दिवसांनी त्या शेतात. जिकडे त्यांची पालं, तिकडे त्यांच्या चुली, आणि जिकडे चुली तिकडे जमादारांची पाटी. म्हणून गाव हलायचं.

धनगरांना याचं भारी कौतुक. एका कुटुंबाशी आमची चांगली ओळख झाली होती. नवरा, बायको, त्याची म्हातारी आई, आणि मेंढ्या. म्हातारी जमादारांना पाहिलं की हसायची. "आला बाई सरकारचा मानूस. आमी हाव का न्हाई ते बगायला आला." सून मेंढीच्या दुधाचा पेला पुढे करायची. जमादार घेत नसत. ड्युटीवर असताना ज्याच्या चुलीवरून हद्द ठरते त्याच्या घरचं घेणं कलमात बसत नाही असं त्यांचं म्हणणं होतं. मी घेत असे.

एकदा मोटारवाल्यांनी तक्रार केली की पाटी रोज नवीन ठिकाणी असते, कुठे हळू व्हायचं ते कळत नाही. वरचे अमीनसाहेब चौकशीला आले. जमादार म्हणाले, "पाटी हालत न्हाई साहेब, मानसं हालत्यात." अमीनसाहेबांनी वही मागवून पानं उलटली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं, आणि ते परत गेले. कलमाविरुद्ध काही चाललंय असं त्यांनाही म्हणता येईना.

तो दिवस मला नीट आठवतो, आणि आठवू नये असं वाटतं.

सकाळ झाली होती, थंडी होती. आम्ही कोष्ट्याच्या घरापर्यंत आलो. पुढे दोन शेतं टाकून सडकेच्या कडेलाच त्या धनगराचं पाल होतं. आदल्या दिवशी पाटी त्याच्याही पुढे होती. जमादार थांबले, कपाळावर हात धरून त्यांनी पाहिलं.

"धूर न्हाई."

"पाल आहे की," मी म्हणालो.

"पाल हाय. धूर न्हाई."

"माणसंही दिसताहेत. बाहेर बसलीत."

"मानसं सडकंनं जाताना बी दिसत्यात, मुन्शी. चूल दावा."

मी पाहिलं. चूल नव्हती पेटलेली. मला एवढंच सुचलं की आज जायच्या तयारीत असतील, वाटेत कुठेतरी पेटवतील. पाय गारठले होते. दोन शेतं चालत जायचा मला कंटाळा आला होता, हे मी आज लिहून टाकतो. पुढे जाऊन विचारू या, असं मी म्हणालो असतो तर ते आले असते. त्यांनी पाटी कोष्ट्याच्या घरापाशी रोवली, मी वहीत लिहिलं, आणि आम्ही परतलो.

म्हातारी पहाटे गेली होती. मयत झालेल्या घरात चूल पेटवत नाहीत.

हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. जमादारांनाही नाही, मलाही नाही. आम्हा दोघांच्याही घरी माणसं गेली होती, दोघांच्याही घरी चूल थंड राहिली होती, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून दिली होती. पण त्या सकाळी दोघांच्याही डोक्यात आलं नाही. का आलं नाही, हे मी स्वतःला किती वेळा विचारलं असेल.

दिवस कासराभर वर आला तेव्हा तेलगावच्या बाजूने मोटार आली. एका वतनदाराची होती, मालक आत नव्हते, मोटार हाकणारा हैदराबादचा. चांगला माणूस होता, आमच्या पाटीला कायम मान देणारा. धनगराची बायको म्हातारीला आंघोळ घालायला पाणी आणायला म्हणून सडकेपलीकडच्या विहिरीवर गेली होती. भरलेली घागर डोक्यावर घेऊन सडक ओलांडत होती. मोटार पूर्ण वेगात होती, कारण पाटी अजून आलीच नव्हती.

बाई मेली नाही. कमरेचं हाड मोडलं. आम्ही धावत गेलो तेव्हा मोटार बरोबर पाटीपाशी उभी होती आणि तो हाकणारा खाली बसून रडत होता. "पाटी के पहिले था मैं, जमादारसाब," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "आप के पाटी के पहिले था."

तिथून पळत आम्ही पालापाशी गेलो. पालापुढे म्हातारीला घोंगडीवर ठेवलेलं होतं आणि शेजारी तीन दगडांची थंड चूल होती. जमादारांनी पायातले बूट काढले आणि तसेच उभे राहिले. कुठलाही कागद त्यांच्या हातात नव्हता.

आता अडचण अशी होती. मोटार हाकणाऱ्याचा गुन्हा साबित झाला असता तर त्याच्या मालकाला त्या बाईच्या आयुष्यभराची सोय करावी लागली असती. धनगर माणूस मेंढ्यांबरोबर चालतो तेव्हा जगतो. ज्या बाईला चालता येत नाही ती मेंढ्यांमागे जाणार कशी, आणि तिला टाकून नवरा जाणार कसा? आणि गुन्हा साबित व्हायचा तर पाटी पालाच्या पुढे असायला हवी होती. ती मागे होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचे पाटील चौकीत आले. त्यांनी माझी वही पुढे ओढली. "एक ओळ हाय," ते म्हणाले. "मुन्शी, दोन शेतं म्होरं लिवा. गाव साक्ष देईल. ती बाई सुटंल."

मी जमादारांकडे पाहिलं. खरं सांगतो, माझा हात टाकाकडे गेला होता.

"जमादार, लिहू द्या," मी म्हणालो. "आजवर आपण काही खोटं लिहिलेलं नाही. एकदा लिहू."

"पाटी कुठं व्हती ते त्या मोटारवाल्यानं पायलंय."

"तो एकटा आहे. आपण सगळे आहोत."

"म्हंजी ज्याची गलती न्हाई त्याला आपन सगळ्यांनी मिळून आत घालायचं," ते म्हणाले. "हे कलमात बसतंय का, पाटील?"

पाटील चिडले. "कलम घाला चुलीत तुमचं. बाई लुळी पडली तिकडं. कावून अडून बसलाव?"

जमादारांनी पाटलांच्या पुढ्यातली वही उचलली. "मला बी तेच कळंना," ते हळू आवाजात म्हणाले, आणि वही मिटून माझ्या हातात दिली. ओळ जशी होती तशी राहिली. मी त्या वेळी त्यांचा मनापासून तिरस्कार केला. आज करतो का, सांगता येत नाही.

तालुक्याला मुन्सिफसाहेबांसमोर सुनावणी झाली. मोटार हाकणाऱ्याने खरं सांगितलं. त्याच्या वकिलाने माझी वही वाचून दाखवली. मुन्सिफसाहेबांनी जमादारांना विचारलं, पाटी तिथे का होती? जमादार म्हणाले, तिथवरच आबादी होती. पुढे चूल नव्हती.

तेव्हा धनगर उठून उभा राहिला. त्याला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. त्याने डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलं होतं.

"सरकार, म्हातारी मेली म्हनून आमी चूल पेटवली न्हाई," तो म्हणाला. "चूल न्हाई पेटली म्हनून आमी तिथं नव्हतो का?"

मुन्सिफसाहेबांना मराठी चांगली येत होती. त्यांनी काही लिहिलं नाही. सगळे जमादारांकडे बघत होते. मी त्यांना कायद्याच्या बाबतीत अडलेलं शेकडो वेळा पाहिलं होतं, पण ते अडले की त्यांच्या चेहऱ्यावर एक उत्साह असायचा. या वेळी तो नव्हता.

"हुजूर, माझं लिवून घ्या," ते शेवटी म्हणाले. "आबादी व्हती. चुलीचं गश्तीत कुठं लिवलेलं न्हाई. चूल त्यात मी घातली. पाटी दोन शेतं म्होरं पायजे व्हती, ती मी लावली न्हाई."

मला क्षणभर वाटलं की सुटलो. आबादी होती म्हणजे वेग जास्त होता, म्हणजे गुन्हा झाला. पण मुन्सिफसाहेबांनी गश्ती काढली आणि पहिली अट वाचली. पाटी नसेल तर गुन्हा नाही. आबादी होती, पाटी नव्हती. मोटार हाकणारा निर्दोष सुटला. कामात हयगय केली म्हणून जमादारांना मोअत्तल, म्हणजे निलंबित केलं, आणि दोन महिन्यांनी नोकरीवरून काढलं. धनगराला काही मिळालं नाही. निकाल ऐकून मी बाहेर आलो आणि त्यात चूक कुठे झाली ते शोधायला लागलो. प्रत्येक पायरी बरोबर होती. प्रत्येक माणूस खरं बोलला होता. असं असताना त्या बाईच्या वाट्याला हे कसं आलं, हे मला कुणी समजावून द्यावं.

पुढे नवीन जमादार आले. त्यांनी पाटी वेशीत चुन्यात पक्की बसवली. ती हलली नाही. घंगाळात जवान हातपाय धुवायला लागले. धनगराच्या मेंढ्या त्याचा भाऊ घेऊन गेला, आणि नवरा-बायको तिथेच सडकेच्या कडेला, शेतकऱ्याने दिलेल्या बांधावर खोपट करून राहिले. तो लोकांची रानं राखायचा. माझी बदली बीडला झाली. जमादारांचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही, कारण काय ऐकायला मिळेल याची भीती वाटत होती.

बऱ्याच वर्षांनी मी प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीने तेलगावला निघालो होतो. वडवणी सोडली, आमचं गाव मागे पडलं, वेशीतली पाटीही मागे गेली, आणि आता मोटार वेग घेणार तर ड्रायव्हरने उलट ती हळू केली. सडकेच्या मधोमध एक म्हातारा हात वर करून उभा होता. अंगावर वर्दी नव्हती, धोतर आणि बंडी होती. मोटार बैलगाडीच्या चालीवर आली तसा तो बाजूला झाला आणि जाऊ दिलं.

"इथं काय पोलीस हाय का?" शेजारच्या माणसाने विचारलं.

"न्हाई," ड्रायव्हर म्हणाला. "असाच हाय कुनीतरी. रोज असतो. पोलीस असता तर भांडलो असतो. ह्याच्याशी काय भांडायचं बे."

मी मोटार थांबवायला लावली आणि उतरलो. माझ्या जुन्या जमादारांनी मला ओळखलं, पण फारसं काही दाखवलं नाही. सडकेच्या कडेला बाजेवर धनगराची बायको बसली होती, पाय लांब करून, लोकर पिंजत. केस पांढरे झाले होते.

"जमादार," मी म्हणालो, "तुम्हाला आता अधिकार नाही. मोटारी कोणत्या कलमाखाली अडवता?"

"कलम न्हाई," ते म्हणाले. "कलम तिकडं वेशीत हाय."

"मग कुणी अंगावर घातली तर?"

त्यांनी खांदे उडवले. वाटी, खुणा, फडकं, काही नव्हतं. मोटार किती वेगात आहे हे ते मोजतसुद्धा नव्हते. इतकी वर्षं ज्या माणसाने हक्काशिवाय हात वर केला नाही, तो आता हक्काशिवाय दिवसभर हात वर करत होता, आणि मोटारी थांबत होत्या. मी तिथे उभा राहून हे समजून घ्यायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग मी बाजेपाशी गेलो आणि हलक्या आवाजात बाईला विचारलं, "मावशी, हे इथे रोज येऊन बसतात, तुम्हाला राग नाही येत त्यांचा?"

"येतो की," ती लोकरीवरून नजर न काढता म्हणाली. "रोज येतो. म्हनून तर बसू देत न्हाई."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. तिच्या चेहऱ्यावर तसं काही दिसलं नाही. मी जमादारांकडे पाहिलं, ते एवढ्यातच दगडावर टेकले होते, गुडघे चोळत होते. तेवढ्यात तेलगावच्या बाजूने, अजून आम्हा दोघांनाही ऐकू येत नव्हती अशी, कुठली तरी मोटार तिने ऐकली.

"उठा जमादार," ती म्हणाली, आणि ते उठले.